९ स्पीडचा शिफ्टर, १० स्पीडची कॅसेट आणि ‘फ्रेम वाकडी आहे’

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका सायकलस्वाराकडे साडेसत्तावीस इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक आहे. मूळचे गिअर ३ बाय ८, म्हणजे पुढे तीन दातेरी चकत्या आणि मागे आठ. गोरेवाड्याकडच्या कच्च्या वाटांवर पुढचा गिअर बदलताना चेन पडायची, म्हणून त्यांनी १ बाय १० करायचं ठरवलं. ११ ते ४२ दातांची १० स्पीड कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा), शिमानोचा क्लचवाला १० स्पीड डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा), ३२ दातांची नॅरो-वाइड चेनरिंग (चेन पडू नये म्हणून एकाआड एक जाड-बारीक दात्यांची पुढची चकती) आणि १० स्पीडची चेन घेतली. शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, मात्र घरात पडलेला शिमानोचा ९ स्पीडचाच लावला. एक गिअर कमी मिळाला तरी चालेल, असा विचार होता. आता सगळ्यात लहान चकतीवर चेन नीट चालते, पुढचे गिअर खडखडतात, मध्येच एक गिअर पुन्हा शांत चालतो, आणि शिफ्टरच्या टिचक्या संपल्या तरी मोठ्या तीन चकत्यांवर चेन चढतच नाही. एका मिस्त्रींनी सांगितलं की फ्रेम वाकडी आहे. दुसऱ्यांनी डिरेलर बदलायला सांगितला. शिवाय १२० मिमी दबणारा एक वापरलेला एअर फोर्क (पुढचं चाक धरणारा हवेच्या सस्पेन्शनचा चिमटा) स्वस्तात मिळतोय, टेपर्ड स्टिअररचा (फ्रेममध्ये जाणारी नळी खाली जाड असलेला) आणि १५ मिमी ॲक्सलचा. तो घ्यावा का, आणि २.४ चे टायर बसतील का, हेही विचारलं आहे.

मी नागपुरातच सायकल दुरुस्तीचं काम करतो. दुकानात येणाऱ्या माउंटन बाइकपैकी बऱ्याचशा अशाच अर्ध्या अपग्रेड झालेल्या असतात. माल चांगला घेतलेला असतो, पैसे मोजलेले असतात, आणि तरी सायकल आधीपेक्षा वाईट चालते. माणूस वैतागून पुन्हा जुना माल चढवतो किंवा सायकलच विकून टाकतो. तुमच्या बाबतीत तसं व्हायचं काही कारण नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा एकही पार्ट खराब नाही. कॅसेट, डिरेलर, शिफ्टर तिन्ही आपापल्या जागी धड आहेत. गडबड आहे ती शिफ्टर आणि डिरेलर यांच्या जुळणीत. माउंटन बाइकवरचा कुठलाही पार्ट घेताना ‘हा कसा आहे’ याच्या आधी ‘हा कशाला जोडायचा आहे, आणि तिथलं माप काय आहे’ हे विचारावं लागतं. गिअर, फोर्क आणि टायर या तुमच्या तिन्ही प्रश्नांना हेच लागू आहे.

गिअरपासून सुरू करू. तुमचा हिशेब टिचक्यांचा होता: शिफ्टर ९ चा, कॅसेट १० ची, म्हणजे एक चकती वाया जाईल. पण तिथे मोजायचं असतं ते अंतर. शिफ्टरची एक टिचकी ठरावीक मिलिमीटर केबल ओढते. त्या ओढीच्या ठरावीक पटीत डिरेलर आडवा सरकतो. आणि कॅसेटच्या शेजारशेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर कारखान्यातच ठरलेलं असतं. ओढ गुणिले पट हे त्या अंतराएवढं आलं तरच टिचकीला गिअर बसतो. तीन फणांची तिफण एका अंतराने चालवली आणि डवरा दुसऱ्याच अंतराचा जुंपला तर एक ओळ वाचते आणि पुढची मुळासकट उपटली जाते. तुमच्या कॅसेटवर हेच होतंय.

शिमानोच्या माउंटन बाइक मालाचे ढोबळ आकडे असे आहेत. ८ स्पीडचा शिफ्टर एका टिचकीला साधारण २.८ मिमी केबल ओढतो, ९ स्पीडचा २.५ मिमी आणि १० स्पीडचा ३.४ मिमी. डिरेलरची पट ७, ८ आणि ९ स्पीडला १.७ च्या आसपास आहे, १० स्पीडला मात्र १.२ च्या आसपास. चकत्यांमधलं अंतर ८ स्पीडला ४.८ मिमी, ९ ला ४.३५ आणि १० ला ३.९५.

आता तुमची जोडी घ्या. ९ स्पीडच्या शिफ्टरची ओढ २.५, १० स्पीडच्या डिरेलरची पट १.२, म्हणजे प्रत्येक टिचकीला डिरेलर फक्त ३ मिमी सरकतो. कॅसेटला हवेत ३.९५. पहिल्या टिचकीला जवळपास १ मिमी कमी पडतो, दुसरीला २, तिसरीला ३. चार टिचक्यांनंतर डिरेलर १२ मिमी सरकलेला असतो, आणि तीन चकत्यांचं अंतर ११.८५ मिमी होतं. म्हणून पाचव्या जागी चेन पुन्हा एका चकतीच्या बरोबर खाली येते आणि तुम्हाला मध्येच एक शांत गिअर सापडतो. आठही टिचक्या संपल्यावर एकूण सरक २४ मिमी होते, म्हणजे सहा चकत्या. लहानापासून मोजली तर सातवी. वरच्या तीन राहिल्याच. तुम्ही जे लिहिलं आहे ते या हिशेबाशी इतकं तंतोतंत जुळतं की सायकल न बघताही मी हे निदान खात्रीने देतो.

२०१० च्या सुमारास शिमानोने डायना-सिस नावाने १० स्पीडचे माउंटन गिअर आणले तेव्हा ही पट मुद्दाम कमी केली. पट मोठी असली की केबलमध्ये थोडा चिखल किंवा गंज शिरला तरी डिरेलर बराच चुकतो. ओढ जास्त आणि पट कमी ठेवली की तेवढ्याच घाणीचा परिणाम कमी होतो. नागपूरच्या पावसाळ्यात पांदण रस्त्याने चालणाऱ्या सायकलींवर हा फरक मला स्पष्ट दिसतो. पण त्याची किंमत अशी की ९ पर्यंतचा माल आणि १० चा माल यांच्यात भिंत उभी राहिली. ८ स्पीडच्या डिरेलरवर ९ चा शिफ्टर बिनदिक्कत चालतो, कारण दोघांची पट एकच. ९ च्या डिरेलरवर १० चा माउंटन शिफ्टर चालत नाही, आणि उलटही चालत नाही. रोड बाइकचा १० स्पीडचा शिफ्टर या नव्या पद्धतीत आलाच नाही. त्याची ओढ २.३ मिमीच आहे. म्हणून कोणी ‘१० स्पीडच आहे ना, लावून टाका’ म्हणत रोडचा शिफ्टर पुढे केला तर घेऊ नका. स्रॅम या दुसऱ्या कंपनीची ओढ तर वेगळीच, त्यामुळे स्रॅमचा शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलर ही जोडीही सोडून द्या.

हे आकडे माझ्या सांगण्यावरून मानायची गरज नाही, घरी मोजून बघता येतात. डिरेलरजवळचा बोल्ट सैल करून केबल मोकळी करा. शिफ्टर सगळ्यात मोकळ्या जागी आणा. केबलचं टोक एका हाताने ताणून धरा, आणि आउटर (केबलवरची बाहेरची नळी) जिथे संपतं त्याच्यापुढे केबलवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. दुसऱ्या कोणाला चार वेळा टिचकी द्यायला सांगा. चिकटपट्टी आउटरच्या आत ओढली जाऊ नये म्हणून ती सुरुवातीला त्याच्या तोंडापासून वीसेक मिलिमीटर दूर लावलेली बरी. मग व्हर्निअरने मोजा, ती किती सरकली. ९ चा शिफ्टर असेल तर १० मिमीच्या आसपास, ८ चा असेल तर ११, १० चा माउंटन असेल तर साडेतेरा. प्रत्येक टिचकी अगदी सारखी नसते, म्हणून एकीऐवजी चार मोजून सरासरी काढायची. ज्या शिफ्टरवरचं नाव झिजून गेलं आहे तोही असा ओळखता येतो. जुना माल घेताना व्हर्निअर खिशात असलेला बरा.

तेव्हा उपाय सोपा आहे: शिमानोचा १० स्पीडचा माउंटन बाइकचा उजवा शिफ्टर घ्या, एकटा. त्यांच्या डिओरे मालिकेतला पुरेसा आहे. सोबत नवी केबल आणि नवं आउटर टाका. बाकी काहीही बदलू नका.

आता ‘फ्रेम वाकडी’ याबद्दल. मिस्त्रींचा अंदाज अगदीच निराधार नाही, कारण वाकलेला हँगर (डिरेलर ज्या छोट्या पट्टीने फ्रेमला जोडलेला असतो ती) हे खराब गिअरचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे आणि बोलताना त्यालाच ‘फ्रेम’ म्हटलं जातं. पण लक्षणं वेगवेगळी असतात. हँगर वाकला असेल तर लहान चकत्यांवर गिअर जुळवला की मोठ्यांवर बिघडतो आणि मोठ्यांवर जुळवला की लहानांवर. केबल जाम असेल तर मोठ्या चकतीकडे जाताना ठीक, लहानकडे येताना मात्र गिअर उशिरा, एक धक्का बसल्यावर पडतो. आणि जुळणीच चुकली असेल तर तुमच्यासारखं: चूक क्रमाने वाढत जाते, मध्ये एकदा मिटते, पुन्हा वाढते. गिअर बिघडला की अंगठ्याने टिचक्या देत कोणत्या जागी आवाज येतो ते कागदावर लिहून काढा. तो कागद घेऊन मिस्त्रींकडे गेलात तर निम्मं काम झालेलं असतं.

तरी शंका नको म्हणून फ्रेम तपासून घ्या. मागचं चाक काढा. एका ड्रॉपआउटला (मागचा ॲक्सल बसतो ती फ्रेमची खाच) सुतळी बांधा, ती पुढे नेऊन हेड ट्यूबला (हँडलखालची फ्रेमची नळी) वळसा घाला आणि परत आणून दुसऱ्या ड्रॉपआउटला तेवढीच ताणून बांधा. आता सीट ट्यूबपासून डावी सुतळी किती लांब आणि उजवी किती लांब ते मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक काहीच नाही. चार-पाच मिमीचा आला तर मग फ्रेमबद्दल बोलू.

हँगरसाठी दुकानात खास गेज असतो, त्यावर तपासून घेणं सगळ्यात चांगलं. नसेल तर जुना उपाय आहे. हँगरचे आटे १० मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे असतात, आणि क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय खटक्याने सुटणाऱ्या) बऱ्याच मागच्या हबचा ॲक्सलही त्याच आट्यांचा असतो. डिरेलर काढून असं दुसरं चाक हँगरमध्ये हाताने फिरवून बसवा आणि दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. चारही ठिकाणी सारखं आलं तर हँगर सरळ. ॲक्सल हाताने सहज फिरला पाहिजे. साध्या नटवाल्या हबचे आटे बहुतेक वेळा वेगळे असतात आणि पान्याने जबरदस्ती केली तर हँगरचे आटे जातात. ॲल्युमिनियमचा हँगर एकदा सरळ करून चालतो, पुन्हा पुन्हा वाकवला तर चिरतो. २०१९ साली स्रॅमने सगळ्या फ्रेमना एकच चालेल असा हँगर आणला, पण तो त्यानंतरच्या आणि त्यासाठी बनवलेल्या फ्रेमनाच बसतो. तुमच्या फ्रेमचा हँगर तिचा स्वतःचा, वेगळ्या आकाराचा आहे. तसाच एक शोधून सुटा घेऊन ठेवा. गोरेवाड्याच्या पलीकडे कुठे तो तुटला तर दुसरा कुठल्याही दुकानात आयता मिळणार नाही.

शिफ्टर आल्यावर तीन ठिकाणी लक्ष द्या. एक, डिरेलर नेमका कोणता आहे. त्याच्या आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो, चिखल पुसल्याशिवाय दिसत नाही. आरडी-एम६१५ असेल तर कंपनीने त्याला सगळ्यात मोठी चकती ३६ दातांची सांगितली आहे; तुमची ४२ ची आहे. नंतरच्या एम६००० मध्ये ४२ साठीच बनवलेला प्रकार आहे. एम६१५ निघाला म्हणून फेकू नका. हँगरवर टेकणारा बी स्क्रू आत घेत जा, आणि चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना ती चकती आणि डिरेलरचं वरचं छोटं चाक यांत पाच-सहा मिमी मोकळी जागा राहते का बघा. राहिली तर चालवा. स्क्रू संपला आणि तरी घासतंय तर डिरेलर थोडा खाली-मागे नेणारी हँगरची जोडपट्टी मिळते. ती लावली की मोठ्या चकतीचं काम होतं, पण लहान चकत्यांवर डिरेलर लांब राहतो आणि गिअर थोडा मऊ पडतो. ही तडजोड तुमच्या फ्रेमच्या हँगरच्या लांबीवर अवलंबून आहे, इथे बसून आधीच सांगता येत नाही.

दोन, चेनरिंगचे बोल्ट. तुमच्या क्रँकला (पायडलच्या दांड्याला) चार बोल्टवर बदलता येणारी चेनरिंग होती म्हणूनच नवी बसली. (वाचणाऱ्या इतरांसाठी: स्वस्त सायकलींच्या क्रँकवर चेनरिंग रिवेट मारून पक्क्या केलेल्या असतात. तिथे क्रँकच बदलावा लागतो.) पण मधल्या आणि बाहेरच्या अशा दोन चेनरिंग धरणारे मूळ बोल्ट एका चेनरिंगला लांब पडतात. घट्ट आवळले तरी बोल्टच आतून एकमेकांना टेकतात आणि चेनरिंग सैलच राहते. मग चढावर दर पायडलला टक असा आवाज येतो आणि लोक बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) बदलून घेतात. एका चेनरिंगचे आखूड बोल्ट वेगळे मिळतात, ते लावा. चेनरिंग मधल्याच जागी ठेवा, तिथे चेनची रेघ कॅसेटच्या साधारण मध्यावर येते. बॉटम ब्रॅकेटला हात लावायची गरज नाही. कधी लावलाच तर उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा.

तीन, चेनची लांबी. जुन्या चेनशी मोजून नवी तोडू नका. चेन डिरेलरमधून न नेता थेट चेनरिंग आणि सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथे जोड येतो त्यापुढे एक बाहेरची आणि एक आतली कडी जास्त ठेवा. हार्डटेलला एवढं पुरतं. आखूड चेन मोठ्या चकतीवर गेली की डिरेलर आणि हँगर दोन्ही ओरबाडून काढते.

१ बाय करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पैसे खर्च होताहेत म्हणून सांगतो. मूळ क्रँक २४-३४-४२ आणि कॅसेट ११-३२ ची होती असं धरलं, तर सगळ्यात हलका गिअर २४ भागिले ३२, म्हणजे ०.७५. आता ३२ भागिले ४२, म्हणजे ०.७६. चढावर काहीच गमावलं नाही. सेमिनरी हिल्स असो की रामटेकचा गड, पाय तसाच चालेल. गमावलंय ते दुसऱ्या टोकाला. मिनिटाला ९० च्या गतीने पायडल मारलं तर जुन्या ४२-११ वर ताशी ४४ किमीच्या आसपास वेग मिळायचा, नव्या ३२-११ वर ३४ च्या आसपास. पहाटे वर्धा रोडवर रोड बाइकवाल्यांच्या घोळक्यात जात असाल तर हे जाणवेल. तेव्हा ३४ दातांची चेनरिंग लावता येईल. तीही कच्च्या रस्त्याला फार जड नाही. बहुतेक वेळ मुरमावर आणि शेतांतल्या वाटांवर जात असाल तर ३२ च ठेवा.

ज्यांच्याकडे अजून ३ बाय ७ किंवा ३ बाय ८ आहे आणि हे वाचून मोह होतोय, त्यांनी आधी मागचं हब बघावं. दाते असलेला तो गठ्ठा दोन प्रकारचा असतो: आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील, किंवा खाचांवर सरकवलेली कॅसेट. ओळखायचं असं: चाक काढून दातांचा गठ्ठा मागे फिरवा आणि मध्यभागी, जिथे पाना बसतो त्या खाचांकडे बघा. त्या दातांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट चढत नाही, त्याला हब किंवा पूर्ण चाकच बदलावं लागतं. त्यातच त्या हबचं उजवं बेअरिंग खूप आत असतं, त्यामुळे जड माणसाच्या सायकलीचा ॲक्सल वाकतो. म्हणून फ्रीव्हीलवाल्या सायकलीवर महागडे गिअर चढवू नका. शिमानोच्या खाचांच्या हबवर मात्र ८, ९, १० आणि ११ स्पीडच्या माउंटन कॅसेट एकाच खाचांवर बसतात, लहान चकती ११ दातांची असेपर्यंत. १० दातांपासून सुरू होणाऱ्या १२ स्पीडच्या कॅसेटना वेगळं फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतं. शिमानोचं मायक्रो स्प्लाइन २०१८ मध्ये आलं ते याचसाठी, आणि स्रॅमचं एक्सडीही त्याच कारणाने.

आता फोर्क. इथे माझा सल्ला स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नका. फोर्क चांगला असेलही, पण तो तुमच्या सायकलीला चार जागी जोडावा लागणार आहे आणि त्यातल्या निदान दोन जागा जुळत नाहीत असं दिसतंय.

पहिली जागा हेड ट्यूब. टेपर्ड स्टिअरर वर सव्वा इंचाहून कमी, म्हणजे २८.६ मिमी, आणि खाली दीड इंचाचा असतो. तुमची फ्रेम सरळ स्टिअररची असणार, कारण त्या वर्गातल्या बहुतेक तशाच आहेत. पण सरळमध्येही दोन प्रकार. हेडसेटच्या (स्टिअररच्या बेअरिंगच्या) वाट्या काढल्यावर हेड ट्यूबचा आतला व्यास ३४ मिमी भरला तर टेपर्ड फोर्क त्यात कधीच जाणार नाही, कोणतीही वाटी लावली तरी. ४४ मिमी भरला तर खाली बाहेर राहणारी मोठी वाटी लावून तो बसवता येतो. ती वाटी सायकलीचा पुढचा भाग साधारण सेंटिमीटरभर उचलते.

दुसरी जागा हब. तुमच्या पुढच्या चाकाला ९ मिमीचा क्विक रिलीज आहे, १०० मिमी रुंदीचा. फोर्क १५ मिमी थ्रू ॲक्सलचा, म्हणजे हबमधून आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचा. त्यातही १५ बाय १०० की बूस्टचा १५ बाय ११०, हे विक्रेत्याने सांगितलेलं नाही. काही हबना टोप्या बदलून १५ चा ॲक्सल चालतो, पण साध्या हार्डटेलच्या मूळ हबना तसं क्वचितच असतं. म्हणजे नवं हब, नवे स्पोक, चाक बांधायची मजुरी. स्वस्त फोर्क तिथेच महाग झाला.

तिसरी जागा ब्रेक. फोर्कवरच्या दोन पोस्टमधलं अंतर ७४ मिमीचं ठरलेलं असतं, त्यामुळे कॅलिपर बसायला अडचण नाही. पण फोर्क थेट १६० च्या डिस्कसाठी आहे की १८० च्या, यावर ॲडॉप्टर ठरतो. थेट १८० चा निघाला तर तुमची १६० ची डिस्क चालणारच नाही, कारण ॲडॉप्टर कॅलिपर बाहेर नेऊ शकतो, आत आणू शकत नाही. नवं हब घेतलंच तर डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉकची, हा प्रश्नही येतो.

चौथी गोष्ट उंची, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती जिवाशी निगडित आहे. तुमची फ्रेम १०० मिमीच्या फोर्कसाठी आखलेली दिसते. ॲक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या क्राउनपर्यंतची (जिथून स्टिअरर वर निघतो) लांबी २० मिमी वाढली की हेड ट्यूबचा कोन सुमारे एक अंश ढळतो. चढावर पुढचं चाक भरकटतं, उतारावर कदाचित बरं वाटतं. पण लांब फोर्क हेड ट्यूबच्या जोडावर जास्त जोर टाकतो, आणि वेल्डिंग तिथेच असतं. फ्रेम कंपनीने १२० पर्यंत परवानगी दिली असेल तर हरकत नाही. दिली नसेल तर मी माझ्या दुकानात तो फोर्क बसवणार नाही. वापरलेल्या फोर्कचा स्टिअरर आधीच कापलेला असतो हेही विसरू नका. हेड ट्यूब, हेडसेटच्या दोन्ही वाट्या आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) यांची एकूण उंची मोजा. स्टिअरर त्याहून आखूड असेल तर तो वाढवता येत नाही, आणि स्टेमने अर्धवट धरलेला स्टिअरर फार धोकादायक.

एअर फोर्क हवाच असेल तर सरळ स्टिअररचे, ९ मिमी क्विक रिलीजचे, १०० मिमीचे एअर फोर्क सनटूर आणि रॉकशॉक्स या दोघांनीही बनवले आहेत. असा एखादा वापरलेला मिळेपर्यंत थांबा. तो तासाभरात बसतो आणि चाकाला हात लावावा लागत नाही.

टायरचं उत्तर छोटं आहे. साडेसत्तावीस इंची म्हणजे टायरच्या कडेवर ५८४ हा आकडा असला पाहिजे. २६ ला तो ५५९ आणि २९ ला ६२२ असतो. इंचांवर विसंबू नका, तो आकडा बघा. पुढे २.४ बहुधा बसेल. मागे चाक लावलेलं असतानाच टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) यांतली जागा दोन्ही बाजूंनी मोजा. २.१ वरून २.४ वर गेलं की कागदावर प्रत्येक बाजूला ४ मिमीच्या आसपास कमी होते. कोरड्या गिट्टीवर ५ मिमी उरले तरी भागतं. पण पावसाळ्यात कळमेश्वरकडच्या काळ्या मातीत गेलात तर ती माती टायरवर थर धरत जाते, चेनस्टेखाली कोंबली जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. ओढत नेलं तर फ्रेमचा रंग आणि मग धातूही घासला जातो. आपल्या मातीसाठी मी मागे प्रत्येक बाजूला १० मिमी मागतो. तेवढी नसेल तर पुढे २.४, मागे २.१ किंवा २.२५ ठेवा. पुढचा रुंद टायरच वळणावर जास्त कामाला येतो. रुंद टायर घेताना बाभळीच्या काट्यांचा विचार करून कड जाड असलेला घ्या, थोडा जड असला तरी.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी हँगर तपासून सरळ करून घ्या, मग १० चा शिफ्टर नव्या केबलसह, मग आखूड बोल्ट, चेनची लांबी आणि शेवटी बी स्क्रू. हँगर वाकलेला असताना केलेली प्रत्येक जुळवणी नंतर पुन्हा करावी लागते. डिरेलरचा मॉडेल क्रमांक आणि हेड ट्यूबचा आतला व्यास, एवढी दोन मापं कळवा. व्यास ४४ निघाला आणि फ्रेमला १२० ची परवानगी असली तर कोणती वाटी आणि कोणतं हब लागेल ते मी लिहून देईन. ३४ निघाला तर त्या विक्रेत्याला लगेच नाही म्हणून सांगा.